थीम नंतर, आधी लेखांची मांडणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नियतकालिक आणि पुस्तकं दोन्ही काढणाऱ्या लहान प्रकाशनाची साइट वर्डप्रेसवर आहे. आठशेच्या आसपास लेख, शंभरेक पुस्तकांची पानं, दहा वर्षांपूर्वी घेतलेली थीम, म्हणजे साइटचं दिसणं ठरवणारा साचा. मोबाइलवर वाचणं अवघड जातं, शोधून काही सापडत नाही, लेख चढवताना संपादक वैतागतात. तिघं संपादक आहेत, प्रोग्रामर कोणी नाही. थीम बदलावी की सीएमएसच (मजकूर साठवून साइट चालवणारी प्रणाली, तुमच्याकडे वर्डप्रेस) बदलावं, आणि कुठली थीम चांगली?

थीमचं उत्तर पुढे त्याच्या जागी देतो. ते पहिलं दिलं की बाकीचं कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव आहे. थीमच्या नमुना पानावर मोठाले देखणे फोटो असतात, मथळे तीन-चार शब्दांचे असतात आणि प्रत्येक लेखाला नेमका दोन ओळींचा सारांश असतो. तुमच्या जुन्या लेखांना फोटो नाहीत, मथळे दहा-बारा शब्दांचे आहेत, सारांश कधी कुणी लिहिलाच नाही. मग संपादक मंडळी लेखांना शोभतील असे फोटो शोधत बसतात आणि मूळ काम बाजूला राहतं. तुमच्या तीन तक्रारींपैकी थीमशी संबंध फक्त पहिलीचा आहे, तोही अर्धा. शोध लागत नाही आणि लेख चढवताना त्रास होतो, याचं कारण माहिती डेटाबेसमध्ये ज्या तऱ्हेनं साठवली आहे त्यात आहे. नवी थीम ती तशीच दाखवेल, फक्त जरा मोठ्या अक्षरांत.

सीएमएस बदलू नका. वर्डप्रेस २००३ साली ब्लॉगसाठी आलं हे खरं, पण २०१० च्या ३.० आवृत्तीपासून त्यात स्वतःच्या पोस्ट टाइप (नोंदींचे प्रकार) आणि स्वतःच्या टॅक्सॉनॉमी (वर्गवारीच्या पद्धती) नीट करता येतात, आणि तुमच्या कामाला तेवढं पुरतं. ड्रुपल हे दुसरं सीएमएस माहितीच्या रचनेच्या बाबतीत जास्त शिस्तशीर आहे. कंटेंट टाइप, फील्ड (नोंदीतला एकेक रकाना), एकमेकांशी जोडलेल्या नोंदी हे सगळं त्यात मुळातच येतं, आणि याद्या बनवणारं व्ह्यूज हे मॉड्यूल (जोडभाग) ड्रुपल ८ पासून गाभ्यातच, म्हणजे मूळ संचातच आहे. पण त्याची देखभाल प्रोग्रामरशिवाय होत नाही. ड्रुपल ७ वरून ८ वर जाणं हे अपग्रेड नव्हतं, अख्खं स्थलांतर होतं. ते टाळत राहिलेल्या कितीतरी लहान साइट ५ जानेवारी २०२५ ला ड्रुपल ७ चा आधार संपला तेव्हा अडकल्या. घोस्ट हे तिसरं सीएमएस सुंदर आहे, वृत्तपत्रिका आणि सशुल्क सभासद हाच तुमचा मुख्य व्यवहार असेल तर त्याचा जरूर विचार करा. पण त्यात पोस्ट, पान आणि टॅग यांपलीकडे स्वतःचे प्रकार करता येत नाहीत, म्हणजे पुस्तकं आणि अंक पुन्हा टॅगमध्येच कोंबावे लागतील. ह्यूगो किंवा इलेव्हन्टीसारखी स्थिर पानं बनवणारी साधनं वेगवान आणि सुरक्षित असतात, पण संपादकांना फायली आणि गिट (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) शिकवायची तयारी हवी. ती आहे असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही.

आता सुरुवात. पहिलं काम स्प्रेडशीटमधलं आहे. साइटवरच्या प्रत्येक पानाची एक ओळ: पत्ता, मथळा, लेखक, मूळ प्रसिद्धीचा महिना, प्रकार (लेख, कविता, मुलाखत, परीक्षण, पुस्तक), गेल्या वर्षभरातल्या भेटी, आणि शेवटी निर्णय: ठेवायचं, दुरुस्त करायचं, दुसऱ्यात मिळवायचं की काढायचं. पत्ते आणि मथळे डेटाबेसमधून एका आज्ञेत निघतात, होस्टिंगवाल्याला सांगितलं तरी तो काढून देईल. उरलेले रकाने माणसानंच भरायचे. काम कंटाळवाणं आहे. पण ते संपादकांनीच करावं, बाहेरच्या माणसाला देऊ नये, कारण ते करता करताच आपल्याकडे नेमकं काय आहे ते त्यांना कळतं. एकच लेख तीन ठिकाणी निघतो. ‘लवकरच’ असं लिहिलेलं पान आठ वर्षं तसंच असतं. सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख होमपेजवरून कुठूनच सापडत नाही, हेही तिथेच दिसतं.

भेटींच्या रकान्यात आणखी एक गोष्ट बघा: लोक साइटवर कुठल्या पानावरून आत येतात. बहुतेक प्रकाशनांच्या साइटवर वाचक शोधयंत्रातून किंवा कुणी पाठवलेल्या दुव्यावरून थेट लेखावर येतो. तुमचे आकडेही तेच सांगत असतील, तर होमपेजच्या आराखड्यावर बैठकांमागून बैठका घालवण्यात अर्थ नाही.

मग येतो खरा गाभा: कुठल्या गोष्टीला स्वतंत्र नोंद द्यायची. इथे मी सविस्तर लिहितो, कारण ही बाजू एकदा चुकली की पुढे सगळ्या गोष्टी हातानं कराव्या लागतात.

लेखकापासून सुरुवात करू. वर्डप्रेस लेखाखाली ज्याचं नाव छापतं, तो साइटवर खातं असलेला माणूस असतो. तुमच्या लेखकांची खाती नसणार. म्हणून आठशे लेख ‘ॲडमिन’च्या नावावर आहेत, आणि खरं नाव लेखाच्या पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत टाइप केलेलं आहे, बरोबर? ते नाव संगणकाच्या लेखी नाव नाही, नुसता मजकूर आहे. त्यावर टिचकी मारून त्या लेखकाचं बाकीचं लेखन दिसत नाही, लेखकसूची बनत नाही. प्रत्येक लेखकाला खातं काढून देणं हा उपाय नव्हे. त्यातून न वापरलेल्या पासवर्डांची धोकादायक रास जमते, आणि दिवंगत लेखकाचं खातं काढणं विचित्रही वाटतं. लेखक ही स्वतंत्र पोस्ट टाइप करा. तिच्यात छापायचं नाव, परिचय, छायाचित्र, आणि ‘क्रमासाठी नाव’ असं एक वेगळं फील्ड. या शेवटच्या फील्डची आठवण सूची आडनावानुसार लावायची वेळ आली की होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. टोपणनावानं लिहिणाऱ्यांचा क्रम कसा लावायचा तेही तिथेच ठरतं.

लेख आणि लेखक यांचं नातं एकाच फील्डनं भागवू नका. लेखक, अनुवादक, चित्रकार, मुलाखतकार यांची फील्ड वेगळी ठेवा. अनुवादित कथेवर अनुवादकाचं नाव लेखक म्हणून लागलेलं मी बऱ्याच साइटवर पाहिलंय, आणि तक्रार नेहमी मूळ लेखकाकडून येते असंही नाही. ही फील्ड करायला ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स किंवा पॉड्स यांपैकी कुठलंही प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची तयार भर) चालेल.

अंकांचं तुम्ही काय केलंय ते सांगितलं नाहीत, पण बहुधा प्रत्येक अंकाची एक कॅटेगरी असेल, आणि कॅटेगरींची यादी आता उघडली तरी वाचवत नसेल. अंक ही विषयाची वर्गवारी नाही. त्याची स्वतंत्र टॅक्सॉनॉमी करा. तिच्या प्रत्येक नोंदीला मुखपृष्ठ, महिना-वर्ष, अंकाचे संपादक आणि असल्यास पीडीएफ जोडता येतं (ही सोय २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून आहे). लेखाच्या बाजूला ‘अंकातील पान’ हे साधं आकड्याचं फील्ड ठेवा. अंकाच्या पानावर लेख त्याच क्रमानं लावले की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पान क्रमांक नसेल तर वर्डप्रेस लेख चढवल्याच्या वेळेनुसार, नवा आधी असे लावतं, म्हणजे पहिलं चढवलेलं संपादकीय सर्वांत खाली जातं.

तारखेचा गुंता वेगळा आहे. १९९४ साली छापलेला लेख २०१७ मध्ये साइटवर चढवला, तर वर्डप्रेस त्यावर २०१७ लिहितं. लेखातले ‘गेल्या पाच वर्षांत’ हे शब्द वाचक २०१७ पासून मोजतो. सरळ उपाय म्हणजे पोस्टची तारीख मागे नेणं. पण तुमच्या पत्त्यांत वर्ष आणि महिना असेल, तर तारीख बदलताच पत्ताही बदलतो आणि बाहेरचे सगळे दुवे जुन्याच पत्त्याचे राहतात. म्हणून मी ‘मूळ प्रसिद्धी’ हे वेगळं फील्ड करतो, वाचकाला तीच तारीख ठळक दाखवतो, आणि पोस्टच्या तारखेला हात लावत नाही.

पुस्तकांसाठी एवढंच लक्षात ठेवा की आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक पुस्तकाचा नसतो, आवृत्तीचा आणि बांधणीचा असतो. कापडी आणि कागदी बांधणीचे क्रमांक वेगळे, ई-पुस्तकाचा आणखी वेगळा. २००७ च्या आधीचे क्रमांक दहा अंकी असतील, तेही तसेच्या तसे ठेवा. त्यामुळे पुस्तकाखाली आवृत्त्यांची पुन्हा पुन्हा भरता येईल अशी लहान सारणी करा: आवृत्ती, वर्ष, बांधणी, पृष्ठसंख्या, आयएसबीएन, उपलब्ध आहे की नाही. विक्रीचं दुकान याच फेररचनेत घुसवू नका. ते वेगळं काम आहे, त्याच्या जबाबदाऱ्याही वेगळ्या आहेत.

कॅटेगरी सात-आठ पुरतात. टॅग बघून घ्या. ‘स्त्रीवाद’, ‘स्त्री-वाद’ आणि ‘स्त्रीवादी साहित्य’ असे तीन टॅग असतील तर एकत्र करा, ज्या टॅगखाली एकच लेख आहे तो टॅग काढून टाका.

या सगळ्या पोस्ट टाइप आणि टॅक्सॉनॉमी नोंदवणारा कोड थीमच्या फायलीत लिहू देऊ नका, काम कुणीही करत असलं तरी. तो स्वतंत्र छोट्या प्लगइनमध्ये हवा. थीममध्ये लिहिला, तर थीम बदलल्याच्या क्षणी पुस्तकं आणि अंक डॅशबोर्डमधून (संपादकांच्या पडद्यावरून) गायब होतात. डेटाबेसमध्ये ते असतात, पण दिसत नाहीत, आणि ज्याला कारण माहीत नाही त्याची झोप उडते.

जुन्या लेखांतली नावं ठळक ओळीतून उचलून नव्या फील्डमध्ये नेणं बऱ्याच अंशी स्क्रिप्टनं होतं, उरलेलं स्प्रेडशीटमध्ये हातानं भरून डब्ल्यूपी ऑल इम्पोर्टसारख्या साधनानं आत घेता येतं. तुमची ती पहिली स्प्रेडशीट इथे दुसऱ्यांदा कामाला येते.

आता मजकूर. देवनागरीच्या साइटवर या टप्प्याला जितका वेळ लागतो तितका अंदाजपत्रकात कुणीच धरत नाही. जुने अंक युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फॉन्टांत जुळवलेले असतील तर ते परिवर्तकातून काढावे लागतात. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होत असे आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. म्हणून परिवर्तनातल्या चुका नेमक्या जोडाक्षरावरच्या वेलांटीत आणि रफारात सापडतात. मुद्रितशोधकाला हे आधी सांगून ठेवलं तर त्याचा वेळ वाचतो.

त्याहून छुपा प्रकार म्हणजे डोळ्यांना एकसारखी दिसणारी पण आतून वेगळी असलेली अक्षरं. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर फरक शून्य. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही बऱ्याच मजकुरात ते अ आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांत असतं. वाचक एका तऱ्हेनं टाइप करतो, लेख दुसऱ्या तऱ्हेनं साठवलेला असतो, आणि शोध ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. कुठलं रूप ठेवायचं ते एकदा ठरवा, सगळ्या डेटाबेसवर ते लागू करा, आणि शोधाच्या चौकटीत आलेल्या शब्दालाही तोच नियम लावा. एक सूचना इथेच: डेटाबेसमध्ये शोधा-आणि-बदला कधीही नुसत्या एसक्यूएलनं (डेटाबेसला थेट आज्ञा द्यायच्या भाषेनं) करू नका. वर्डप्रेस आणि त्याची प्लगइन काही माहिती लांबीच्या आकड्यासकट साठवतात. शब्द बदलला आणि आकडा तोच राहिला की ती नोंद मोडते. डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञांनी वर्डप्रेस चालवायच्या साधनातली शोधा-आणि-बदला आज्ञा हा हिशेब सांभाळते.

शोधाची तक्रार यानं बरीच कमी होईल, पूर्ण नाही जाणार. वर्डप्रेसचा मूळ शोध मथळा, सारांश आणि मजकूर यांत अक्षरांची साखळी जुळते का एवढंच बघतो. ‘पुस्तक’ शोधलं तर ‘पुस्तकात’ सापडतं, कारण साखळी तीच आहे. ‘कविता’ शोधलं तर ‘कवितेत’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात शेवटचा स्वर बदलला. शिवाय कस्टम फील्डमध्ये तो बघतच नाही, म्हणजे लेखकाचं नाव फील्डमध्ये हलवल्यावर शोध आधीपेक्षा वाईट वाटेल. रेलेव्हन्सीसारखं प्लगइन फील्डही धुंडाळतं आणि निकाल महत्त्वानुसार लावतं. आठशे लेखांना तेवढं पुरतं. खरं सांगायचं तर चांगली लेखकसूची, अंकसूची आणि विषयसूची असली की शोधाची गरजच निम्मी होते.

पत्त्यांबद्दल. जुने पत्ते शक्य तितके जसेच्या तसे ठेवा. ‘आता सगळं बदलतोच आहोत तर पत्तेही सुटसुटीत करू’ ही सूचना प्रत्येक बैठकीत कुणीतरी मांडतं. ती हसून सोडून द्या. त्या पत्त्यांवर दुसऱ्या साइटवरचे, प्रबंधांमधले, लोकांनी साठवून ठेवलेले दुवे आहेत.

एका बाबतीत मात्र देवनागरी पत्त्यांना हात घालावा लागतो. वर्डप्रेस मथळ्यावरून पत्त्याचा शेवटचा तुकडा बनवतं आणि त्यासाठी २०० अक्षरांची जागा असते. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, पत्त्यातल्या टक्केचिन्हांच्या लेखनात (‘म’ म्हणजे %E0%A4%AE) नऊ जागा खातो. म्हणजे हाती उरतात बावीस. ‘मराठी कादंबरीची वाटचाल: भाग पहिला’ या मथळ्याचा पत्ता ‘मराठी-कादंबरीची-वाटचाल-भ’ इथे तुटतो, आणि दुसऱ्या भागाचा ‘…भ-2’ होतो, तिसऱ्याचा ‘…भ-3’. शिवाय असा दुवा कॉपी करून कुठे चिकटवला की टक्केचिन्हांची दीडेक ओळ उमटते आणि निरोपांत तो मध्येच तुटतो. नव्या लेखांना संपादकानं हातानं छोटा पत्ता द्यावा, रोमन लिपीतला किंवा दोन-तीन शब्दांचा देवनागरी. जुने तसेच राहू द्यावेत, तुटके असले तरी. तुटका पत्ता कुरूप दिसतो, पण चालतो.

जे पत्ते खरोखर बदलणार आहेत (कॅटेगरीतून अंकांत गेलेली पानं, एकत्र केलेले टॅग, मिळवून टाकलेले लेख), त्यांचा जुना-नवा असा तक्ता करा आणि ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं पाठवणं) लावा. ३०२ नको, ते तात्पुरत्या बदलासाठी असतं. सगळं हरवलेलं होमपेजवर पाठवायचं हा आळशी उपाय करू नका. वाचक गोंधळतो आणि गूगलही अशा पानाला ‘सापडत नाही’ असंच समजतं. जे कायमचं काढलं त्याला ४१० (‘हे पान आता नाही’ असा संकेत) द्या. रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवावेत असं गूगल सांगतं. मी म्हणतो, काढूच नका, त्यांची जागा नगण्य असते.

संपादकांच्या तक्रारीकडे येतो. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर ब्लॉक एडिटर (परिच्छेद, चित्र अशा तुकड्यांत लेख लिहिण्याचा पडदा) आला. तुमच्याकडे बहुधा जुना एडिटर प्लगइननं टिकवून ठेवलाय किंवा एखादा पेज बिल्डर (पान ओढून-मांडून रचायचं प्लगइन) बसवलाय. पेज बिल्डर असेल तर आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) तो बंद करून एक लेख उघडून बघा. चौकटी कंसांत लिहिलेल्या शॉर्टकोडचं (प्लगइनच्या खुणांचं) जंगल दिसलं, तर लेख त्या प्लगइनच्या ताब्यात आहेत आणि ते सोडवणं हा या कामाचा वेगळा, महत्त्वाचा भाग आहे. नव्या साइटवर लेखांसाठी पेज बिल्डर नको. एखाद्या जाहिरातीच्या पानासाठी हवा असेल तर असू द्या.

संपादकांना द्यायचा पडदा जितका मोकळा तितका त्रास जास्त. लेखाची नोंद उघडली की लेखक, अंक, पान, मूळ प्रसिद्धी ही फील्ड समोर हवीत, आणि मजकुरासाठी परिच्छेद, उपशीर्षक, अवतरण, चित्र, तळटीप आणि कविता एवढेच ब्लॉक. बाकीचे बंद करता येतात, रंग आणि अक्षरांचा आकार निवडायची सोयही थीमच्या theme.json या सेटिंगच्या फायलीतून काढून टाकता येते. काढाच. नाहीतर वर्षभरात कुणाचा तरी मथळा जांभळा होतो. कवितेसाठी वेगळा ब्लॉक आहे, तो ओळी आणि सुरुवातीची मोकळी जागा जशीच्या तशी राखतो. त्याची सवय लावली की स्पेसबार दाबत बसणं थांबतं. तळटिपांचा ब्लॉक ६.३ पासून गाभ्यात आहे, वैचारिक लेखांना तो वरदान आहे.

आता थीम. एव्हाना तुमच्याकडे नोंदींचे प्रकार ठरलेले आहेत, त्यामुळे निवड सोपी होते. मी गाभ्याबरोबर येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह किंवा तिच्यासारखी साधी ब्लॉक थीम घेऊन तिच्यावर चाइल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता केलेली आपली भर) करतो. विकत घेतलेल्या ‘मॅगझिन’ थीममध्ये पन्नास मांडण्या असतात, तुम्ही एक वापरता आणि उरलेल्यांचं ओझं प्रत्येक वाचकाच्या फोनवर जातं. कुठलीही थीम पारखताना तिच्या नमुना मजकुरावर जाऊ नका. स्वतःचे सर्वांत अडचणीचे पाच लेख तिच्यात घाला: सर्वांत लांब मथळा, फोटो नसलेला, चाळीस तळटिपांचा, लांब ओळींची कविता, आणि दोन लेखक व एक अनुवादक असलेला. जी थीम यात सावरते ती चांगली.

पहिला आराखडा लेखाच्या पानाचा करा, दुसरा अंकाचा, तिसरा पुस्तकाचा. होमपेज शेवटी, आणि त्यावर सरकती चित्रपट्टी नको. तिच्या दुसऱ्या चित्रापर्यंत कुणी थांबत नाही, आणि ती फक्त आतल्या वादावर तोडगा म्हणून बसवलेली असते, कारण पहिल्या जागी काय ठेवायचं यावर एकमत झालेलं नसतं.

अक्षरांबद्दल थोडं. पानाची भाषा एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) मराठी अशी नोंदवलेली असेल, तर नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट ल आणि श यांची मराठी वळणं दाखवतात, नाहीतर हिंदी वळणं येतात. वर्डप्रेसची भाषा मराठी निवडली की ही नोंद आपोआप होते. मुक्त, मराठीला शोभणारे फॉन्ट बरेच आहेत: मजकुराला टिरो देवनागरी मराठी किंवा मुक्ता, दोन्ही पडद्यावर चांगले वाचता येतात. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये ओळींमधलं अंतर १.४ ते १.५ असतं. देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार, म्हणून १.७ च्या आसपास ठेवा. अक्षरांमधलं अंतर शून्यच हवं, कारण ते वाढवलं की शिरोरेषा तुटते, आणि परदेशी थीम मथळ्यांना नेमकं तेच करतात. तिरपी अक्षरं बंद करा. बहुतेक देवनागरी फॉन्टांना स्वतंत्र तिरपं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षरच वाकवून दाखवतो. देवनागरीच्या फॉन्ट फायली जोडाक्षरांमुळे जड असतात, म्हणून दोनच वजनं (साधं आणि ठळक) वापरा, डब्ल्यूओएफएफ२ या दाबून लहान केलेल्या स्वरूपात आणि स्वतःच्या सर्व्हरवरून.

वेगाच्या मोजमापासाठी गूगलचे तीन आकडे पुरेत: मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांत दिसावं, टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, आणि पान उघडं असताना मांडणी हलण्याचा गुणांक ०.१ च्या आत असावा, तेही चारांतल्या तीन भेटींमध्ये. लहान प्रकाशनाच्या साइटवर पहिला आकडा बहुतेकदा एकाच गोष्टीनं बिघडतो: मुद्रणासाठी केलेलं मुखपृष्ठाचं भलंमोठं चित्र तसंच चढवलेलं असतं. रंगसंगतीत मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा विरोध किमान ४.५ ला १ हवा. फिकट राखाडी अक्षरं डिझायनरला आवडतात, चाळिशीच्या पुढच्या वाचकाला नाही.

सुरू करण्याच्या दिवसाबद्दल शेवटी. सगळं काम स्टेजिंगवर होईल आणि स्टेजिंगला पासवर्ड असेल. वर्डप्रेसमधली ‘शोधयंत्रांना परावृत्त करा’ ही खूण त्याऐवजी वापरू नका, कारण ती खूण तशीच ठेवून साइट सुरू करण्याचा प्रकार इतका सर्रास घडतो की मी साइट सुरू केल्यावर ती सर्वांत आधी तपासतो. आधीचे काही दिवस संपादकांनी नवा लेख चढवायचा नाही, किंवा चढवला तर दोन्हीकडे. बॅकअप घेतलाय एवढं पुरत नाही, तो दुसरीकडे उलगडून साइट उभी राहते का ते एकदा बघा. होस्टिंगही बदलत असाल तर डीएनएसचा टीटीएल (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ही नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा. आरएसएस फीडचे (नव्या लेखांच्या आपोआप पोचणाऱ्या यादीचे) पत्ते तेच राहिलेत ना, तेही बघा. ते वापरणारे वाचक थोडे असतात, पण नियमित असतात, आणि फीड बंद पडली तर ते कळवत नाहीत, नुसते जातात.

सुरू करण्यासाठी आठवड्याचा पहिला-दुसरा दिवस निवडा, अंक प्रसिद्ध होण्याचा आठवडा टाळा. पुढचे दोन-तीन आठवडे रोज ४०४ ची (न सापडलेल्या पानांची) नोंदवही बघा. रिडायरेक्शन प्लगइन ती ठेवतं. पहिल्या दिवशी यादी लांब असते आणि त्यात निम्मे बॉटचे, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामचे, खोटे पत्ते असतात, ते सोडा. बाकीच्यांत जो पत्ता पुन्हा पुन्हा येतोय त्याला रिडायरेक्ट द्या. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये नवा साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) नोंदवा. भेटी सुरुवातीला थोड्या घसरतात, त्यावर लगेच काही बदलू नका. मात्र विशिष्ट पानांच्या भेटी शून्यावर गेल्या असतील तर त्या पानांचे जुने पत्ते तक्त्यात शोधा, चूक तिथे सापडते. आणि जुन्या साइटची संपूर्ण प्रत, फायली आणि डेटाबेस दोन्ही, कुणाच्या तरी लॅपटॉपवर नव्हे तर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून द्या. सहा महिन्यांनी एखादा लेखक फोन करून विचारतो की माझ्या लेखातली तिसरी तळटीप कुठे गेली, तेव्हा उत्तर तिथूनच काढावं लागतं.